दमाचा हिशोब

पाच मिनिटं दहा सेकंद. धुळे-जळगावकडच्या भरतीच्या पोरांना हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ असतो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं आणि एवढ्या वेळात रेघ ओलांडली तर २० पैकी २० गुण मिळतात. त्यापुढे दर वीस सेकंदांना गुण उतरत जातात. साडेपाच मिनिटांपर्यंत १८, पाच पन्नासपर्यंत १६, सहा दहापर्यंत १४, आणि साडेसात मिनिटं उलटली की भोपळा. शंभर मीटरचे १५ आणि ७.२६ किलोच्या गोळ्याचे १५ धरून ५० गुणांचं हे ‘ग्राउंड’. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. निम्मे गुण तरी पडल्याशिवाय लेखीचं नाव काढायचं नाही. निम्म्यावर भागतही नाही, कारण लेखीला एका जागेमागे दहा जणच बोलावले जातात. ‘ग्राउंडला आउट ऑफ’ हे मग कितीतरी घरांचं स्वप्न होऊन बसतं.

भरतीची जाहिरात येण्याच्या कितीतरी आधीपासून मैदानं भरू लागतात. उजाडायच्या आत चारचार, पाचपाच पोरं फेऱ्या मारत असतात, कडेला एक जण मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभा असतो आणि शेवटची फेरी संपली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘काय भो, किती बसला टाइम?’’ धुळेकरांना दोन दारं आहेत. जिल्हा पोलीस दल आहेच, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच आहे. राखीव दलाचं ग्राउंड १०० गुणांचं, त्यात पळायचं अंतर ५ किलोमीटर. दोन्हीकडे फॉर्म भरणाऱ्या मुलाला साडेपाच मिनिटांचा आणि वीसेक मिनिटांचा, असे दोन वेगळे दम एकाच छातीत कमवावे लागतात.

व्यायामशास्त्राच्या पुस्तकात कुठल्याही चाचणीला दोन प्रश्न आधी विचारतात. जे मोजायचं म्हणते तेच ती मोजते का? आणि आज जो आकडा आला तोच उद्या, दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या माणसानं मोजला तरी येईल का? भरतीच्या मैदानावर दुसरा प्रश्न फार जिव्हाळ्याचा असतो, कारण तिथे अर्ध्या सेकंदावर नोकरी अडते.

चारशे मीटरच्या ट्रॅकची लांबी सर्वांत आतल्या पट्ट्यातून, कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून मोजलेली असते. पट्ट्याची रुंदी १.२२ मीटर. जो मुलगा गर्दीमुळे सगळ्या फेऱ्या दुसऱ्या पट्ट्यातून पळतो, तो दर फेरीला साडेसात मीटरहून जास्त अंतर तोडतो. चार फेऱ्यांत झाले तीस मीटर. पाच दहाच्या वेगानं पळणाऱ्याला तीस मीटरला सहा सेकंद लागतात. म्हणजे पायांत ‘आउट ऑफ’ असूनही कागदावर १८ पडू शकतात. जाणते प्रशिक्षक म्हणूनच ‘पहिल्या शंभर मीटरमध्ये आत घुस’ असं कानीकपाळी ओरडत असतात.

शंभर मीटरचा घोळ वेगळाच. मुलांना पूर्ण १५ गुणांसाठी साडेअकरा सेकंदांच्या आत पळावं लागतं. हातातल्या घड्याळानं वेळ घेणारा माणूस इशारा झाल्यावर बटण दाबतो, त्यात त्याची स्वतःची प्रतिक्रिया पाव सेकंद खाते. शेवटची रेघ मात्र तो येताना बघत असतो, त्यामुळे तिथे बोट वेळेवर पडतं. परिणामी हातघड्याळाची वेळ विद्युत यंत्राच्या वेळेपेक्षा कमी भरते. जागतिक ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरला या दोहोंचा मेळ घालताना ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत होती. मोबाइलवर ११.४० काढून खुश झालेला मुलगा यंत्रापुढे साडेअकराच्या पलीकडे गेला, तर त्यात कुणी लबाडी केलेली नसते. राज्यात अलीकडच्या भरत्यांमध्ये उमेदवाराच्या अंगावर आरएफआयडी चिप लावून वेळ आणि फेऱ्या मोजायला सुरुवात झाली. त्यानं वशिल्याची कुजबुज कमी झाली आणि फेरी चुकवण्याची वाटही बंद झाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं म्हणायचं.

पहिल्या प्रश्नाचं काय? त्यासाठी आधी छातीचा किस्सा पाहावा लागतो. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे, हा नियम जुना आहे. भरतीची मुलं त्यासाठी आरशासमोर श्वास रोखून टेप लावत बसतात. पण फुगलेली छाती दमाबद्दल फार थोडं सांगते. निरोगी माणसाच्या फुप्फुसात पळण्यापुरती जागा सहसा असतेच. अडतं ते पुढे. हृदय एका मिनिटाला किती रक्त ढकलतं, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आणि मांडीचे स्नायू त्यातला प्राणवायू किती उचलतात, यावर दम ठरतो. अंगात रक्त कमी असलेला मुलगा छाती कितीही फुगवो, शेवटच्या फेरीला त्याचे पाय जड होणारच.

दमाला शास्त्रात एक अवघड नाव आहे, व्हीओटू मॅक्स. जिवाच्या आकांतानं व्यायाम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकतं, तो आकडा. वजनाच्या दर किलोमागे मिलिलिटरमध्ये तो सांगतात. नुसतं बसून राहायला साधारण साडेतीन लागतात. घरात फारसं न हलणाऱ्या मध्यमवयीन माणसाचा आकडा तिसाच्या आगेमागे, चांगल्या तयारीच्या तरुणाचा पन्नासच्या वर, आणि लांब पल्ल्याच्या जागतिक धावपटूंचा सत्तरच्याही पुढे जातो. नोबेल मिळालेल्या ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये हा आकडा शोधला तो स्वतःच पळून. पाठीवर हवाबंद पिशवी बांधून तो गवतावर गोल गोल पळायचा, सोडलेला श्वास पिशवीत जमा व्हायचा आणि मग त्यातला प्राणवायू मोजला जायचा. वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर प्राणवायूचा वापर वाढायचा थांबतो, हे त्याला दिसलं. त्यापुढचं पळणं उधारीवरचं. ती उधारी नंतर धापा टाकत फेडावी लागते.

पिशवी, मुखवटा, वायूंचं पृथक्करण ही सगळी यंत्रणा महागाची. म्हणून शास्त्रज्ञांनी मैदानी पर्याय काढले. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ११५ जवानांवरून दाखवलं की बारा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो, यावरून व्हीओटू मॅक्सचा चांगला अंदाज येतो. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ नं भागायचं, एवढंच त्याचं गणित. बारा मिनिटांत २४०० मीटर गेलेल्याचा आकडा येतो ४२, २८०० मीटर गेलेल्याचा ५१. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावरही हे करता येईल. पुढे ल्यूक लेजे या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये ‘बीप’ वाजली की वळायचं, अशी चाचणी आणली. क्रिकेटमुळे घराघरांत पोचलेली यो-यो टेस्ट हे तिचंच नंतरचं भावंड.

दवाखान्यातली टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरची ट्रेडमिल चाचणी, हीसुद्धा याच घराण्यातली आहे. रॉबर्ट ब्रूस या हृदयतज्ज्ञानं १९६३ मध्ये घालून दिलेल्या पायऱ्या आजही धुळ्याच्या किंवा जळगावच्या हृदयरोग दवाखान्यात वापरल्या जातात. पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो. पहिल्या पायरीला ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ, दुसरीला ताशी ४ आणि बारा टक्के, तिसरीला साडेपाच आणि चौदा टक्के. इथे एक बारीक गोष्ट आहे. आयुष्यात पहिल्यांदाच सरकत्या पट्ट्यावर उभा राहिलेला माणूस पडायच्या भीतीनं समोरचा दांडा गच्च धरतो. दांड्यावर भार टाकला की पायांचं काम हलकं होतं आणि तो टिकतो त्यापेक्षा जास्त टिकल्यासारखा दिसतो. तंत्रज्ञ ‘दांड्याला नुसता हात लावा’ म्हणतो, त्यामागे हे कारण असतं. ज्यांना पट्टा झेपतच नाही, अशा फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांना तीस मीटरच्या सरळ वऱ्हांड्यात सहा मिनिटं आपल्या चालीनं चालायला सांगतात आणि अंतर मोजतात. एवढ्या साध्या चाचणीवर जगभर औषधांचा गुण ठरवला जातो.

शरीराला यंत्र लावून पाहायची ही हौस खानदेशाला परकी नाही. योगाच्या दाव्यांना प्रयोगशाळेचा रस्ता दाखवणारा माणूस काही वर्षं अमळनेरला मास्तर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी तीन वर्षं देशी व्यायाम केला. १९१६ च्या सुमारास ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजात शिकवायला अमळनेरला आले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वदेशीच्या वाऱ्यामुळे सरकारची वक्रदृष्टी पडली आणि १९२३ मध्ये ते महाविद्यालय बंद झालं. (पुढच्याच वर्षी, जून १९२४ मध्ये, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी रुजू झाले. एका गावाला लागोपाठ असे दोन मास्तर लाभणं हेही नशीबच.)

अमळनेरच्या नोकरीच्या काळातच गुण्यांची मालसरच्या परमहंस माधवदासांशी गाठ पडली आणि योगाच्या क्रिया ते शिकले. गुरूवर श्रद्धा होती, पण ‘असं होतं’ म्हटल्यावर ‘कशावरून?’ विचारायची खोडही होती. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्या माणसांना क्ष-किरणांपुढे उभं केलं. पोट आत खेचलं जातं तेव्हा आत नेमकं काय हलतं, छाती आणि पोटामधला पडदा किती वर चढतो, ते फिल्मवर उमटलं. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो, हे त्यांनी दाबमापकाला नळी जोडून दाखवलं आणि त्या अंशतः पोकळीला गुरूचं नाव दिलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच महिन्यात ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झालं. त्यात आसनांच्या चित्रांबरोबर दाबाचे, नाडीचे, श्वासाचे तक्ते छापून येत.

त्यातलं एक प्रकरण आजही वाचण्यासारखं आहे. प्राणायामानं शरीराला भरमसाट प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही घट्ट होती, आताही आहे. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्यांचा श्वास गोळा करून त्यातले वायू मोजले. आकडे समजुतीच्या बाजूनं उभे राहिनात. संथ, रोखलेल्या श्वासात प्राणवायूचा जादा पुरवठा होत नाही, प्राणायामाचं महत्त्व दुसरीकडे शोधावं लागेल, असं त्यांनी स्वतःच्याच नियतकालिकात छापलं. योगाचा प्रचार हेच आयुष्याचं काम असलेल्या माणसानं हे करावं, याला धैर्य लागतं. आज मोबाइलवर ‘दहा मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन दुप्पट’ सांगणाऱ्या महाभागांना हे अंक भेट द्यायला हवेत; निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच ९५ टक्क्यांच्या पुढे भरलेला असतो, तो दुप्पट कुठून होणार?

पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतून मेरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे दोघे शास्त्रज्ञ विद्युत-आलेखाचं यंत्र घेऊन भारतभर फिरले. त्यांच्या दौऱ्यात लोणावळाही होतं. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांचे आलेख त्यांनी घेतले. मनगटावरची नाडी खरोखर हरपली, छातीवर लावलेल्या नळीतून ठोके ऐकू येईनात, पण आलेखावर हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागत नाही, एवढाच तो चमत्कार. हा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताला लागणारी नाडी आणि हृदयाचा ठोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं. मनगटावरच्या आजच्या घड्याळांनाही ते लागू पडतं. ती कातडीवर हिरवा प्रकाश टाकून खालच्या रक्ताची चढउतार पाहतात, हृदय त्यांना दिसत नाही.

घड्याळांचा विषय निघाला तर दहा हजार पावलांचंही सांगायला हवं. मेहरूणला किंवा धुळ्यात पांझरेच्या काठानं सकाळी फिरणारी मंडळी हा आकडा गाठला नाही तर घरातल्या घरात येरझाऱ्या घालून तो पुरा करतात. त्याचा उगम १९६५ सालचा, जपानमधला. यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि नावातच दहा हजार घातले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. त्यामागे मृत्यूदराचा अभ्यास नव्हता. तो झाला बऱ्याच उशिरा. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी १६,७४१ वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पावलं वाढतील तसा मृत्यूचा धोका घटताना दिसला, पण साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा सपाट झाला. कमाल नाडीसाठी ‘२२० वजा वय’ हे जिममध्ये भिंतीवर रंगवलेलं सूत्रही असंच घाईचं. ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाताशी असलेल्या आकड्यांवरून ओढलेल्या रेघेतून आलं, त्यासाठी वेगळं संशोधन झालेलं नव्हतं.

आता खरा खानदेशी प्रश्न. ‘तुम्ही व्यायाम करता का?’ असं चोपड्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला विचारलं तर ती हसून पुढच्या झाडाला लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियॅब पाहणीत महाराष्ट्रासह चार भागांतल्या १४,२२७ लोकांना प्रश्नावली दिली गेली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: ५४.४ टक्के लोक पुरेसे हलत नाहीत, आणि मोकळ्या वेळात खेळ-व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी. ही प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची. तिचा गुण असा की ती कामावरचे कष्ट, येण्याजाण्याचं चालणं आणि मोकळ्या वेळातला व्यायाम हे तीन कप्पे वेगळे विचारते. नुसतं ‘व्यायाम’ विचारलं असतं तर जवळजवळ सगळा महाराष्ट्र आळशी ठरला असता आणि शेतमजूर बाया त्यात पहिल्या.

घड्याळ या बाईला आणखी फसवतं. कंबरेला फडक्याची झोळी बांधून ती दोन्ही हातांनी बोंडं खुडत ओळीनं सरकते, तेव्हा हात सारखे हलतात आणि पाय फार थोडे. संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन ती बांधावरून चालते, तेव्हा एक हात गाठोड्याला आणि तो स्थिर. मनगटावरच्या यंत्राला ती चाललीच नाही असं वाटू शकतं. केळी कापणीला गेलेल्या गड्याचंही तेच. रावेर-यावलच्या बागांतून वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन तो चिखलातून गाडीपर्यंत येतो, रिकामा परत जातो. घड्याळाच्या हिशेबी दोन्ही फेऱ्या सारख्याच, कारण पावलं सारखी.

अशा कामाचं मोजमाप करण्याची वाट मुंबईत निघाली, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये पी. एन. साहा आणि सहकाऱ्यांनी भारतीय कामगाराला आठ तास काय झेपतं ते तपासलं. १९७९ च्या त्यांच्या शोधनिबंधाचं उत्तर असं: कमाल दमाच्या ३५ टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे १८ किलोज्यूल, आणि नाडी ११० च्या आसपास. त्याच्या वर दिवसभर राबवलं तर थकवा साचत जातो. हे पुरुष कामगारांचं झालं. बायांसाठीचं काम एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात एम. ए. वर्गीस यांनी साहा आणि एन. अत्रेय यांच्याबरोबर केलं, १९९४ मध्ये. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ‘किती थकल्यासारखं वाटतं’ विचारणारी ६ ते २० अंकांची पट्टी जगभर वापरली जाते. या मंडळींनी ती अवघ्या पाच पायऱ्यांवर आणली: अगदी हलकं, हलकं, मध्यम जड, जड, फार जड. शाळेचं तोंड न पाहिलेली बाईही त्यातली एक पायरी चटकन सांगू शकते.

जोडीला नाडीवरून कामाचा जडपणा ठरवायचा तक्ता आला. मिनिटाला ९० पर्यंत अगदी हलकं काम, १०५ पर्यंत हलकं, १२० पर्यंत मध्यम, १३५ पर्यंत जड, १५० पर्यंत फार जड. नाडीच्या आकड्याला ०.१५९ नं गुणून ८.७२ वजा केले की मिनिटाला खर्च झालेली ऊर्जा किलोज्यूलमध्ये मिळते. समजा, वेचणी करताना बाईची नाडी ११२ आहे. उत्तर येतं ९.१ किलोज्यूल, म्हणजे सव्वादोन कॅलरीच्या जरा आत. सात तास हाच वेग धरला तर नऊशेहून जास्त कॅलरी, आणि त्यात पहाटेचा स्वयंपाक, पाणी, शेतापर्यंतची पायपीट काहीच धरलेलं नाही. देशभरच्या कृषी विद्यापीठांतल्या गृहविज्ञान विभागांनी, परभणीच्याही, हे सूत्र घेऊन बायांची शेतकामं एकेक करून मोजली आणि त्यावरून कष्ट हलके करणारी अवजारं सुचवली. भरतीच्या मैदानावर यंत्रांवर खर्च करणाऱ्या राज्यात या तक्त्यांची आठवण मजुरी ठरवताना कुणाला होत नाही, ही गोष्ट खटकते. वेचणीचा दर आजही किलोवर ठरतो.

सूत्राला एक खोच मात्र आहे, आणि ती खानदेशातच जास्त टोचते. नाडी फक्त कामानं वाढत नाही, उन्हानंही वाढते. अंग तापलं की शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना वाढलेली नाडी ऊर्जेच्या सूत्रात घातली, तर खर्च फुगलेला दिसतो. ऊर्जा तेवढी खर्च झालेली नसते, पण हृदयावरचा ताण शंभर टक्के खरा असतो. म्हणून उन्हातल्या कामाला नाडी हा खर्चाचा नव्हे, ताणाचा आकडा म्हणून वाचायला हवा.

याचे धडे राज्यानं कडू पद्धतीनं घेतले आहेत. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना काही उमेदवारांचा जीव गेला, आणि त्यानंतर पळण्याचं अंतर कमी करण्यात आलं. अंतर हा एक भाग झाला. त्याच अंतराला सकाळी सहाला आणि अकराला वेगळा जीव लागतो, आणि थर्मामीटरवरचा नुसता आकडा तो फरक पुरता सांगत नाही.

अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघातानं माणसं पडू लागली, तेव्हा १९५० च्या दशकात तीन तापमापकांची एक पद्धत तिथे बसवली गेली. एकाच्या टोकाला ओलं फडकं, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात, तिसरा साधा, सावलीतला. ओल्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्याचे १० टक्के मिळवले की उघड्यावर राबणाऱ्या शरीरावरच्या उष्णतेचा एक आकडा मिळतो. ओल्या फडक्याला सर्वांत जास्त वजन, कारण घाम वाळला तरच अंग निवतं. उन्हाची सवय असलेल्या माणसाकडून मध्यम जड काम सलग करून घ्यायचं तर हा आकडा २८ च्या आसपास थांबावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्यापुढे कामात विसाव्याचे तुकडे पाडायचे.

या हिशेबानं पाहिलं तर मे महिन्यातलं कोरडं ४३ आणि पाऊस दडी मारून बसलेल्या ऑगस्टमधलं दमट ३४, ही दोन्ही शरीराला जवळपास सारखीच जाचक ठरू शकतात. मे मध्ये लोक डोक्याला रुमाल बांधून दुपारी घरात बसतात. ऑगस्टमध्ये पारा उतरला म्हणून निंदणी-फवारणी भर दुपारी चालू असते, फवारणीवाल्याच्या अंगावर वर प्लास्टिकचा झगाही असतो, आणि त्यात घाम वाळायला जागाच नसते. वर्तमानपत्रात कमाल तापमानाची चौकट छापून येते ती मे महिन्यापुरती.

ओला आणि कोरडा तापमापक शेतीच्या हवामान केंद्रांत लाकडी पेटीत टांगलेला असतो आणि त्याची नोंद रोज होते. नेहमीच्या केंद्रात नसतो तो काळा गोळा. तो तांब्याचा, साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचा, काळा रंग दिलेला आणि आत तापमापक खोचलेला असतो. पोलीस कवायत मैदानावर किंवा बाजार समितीच्या आवारातही तो टांगता येतो, आणि तिन्ही आकडे मिळवायला पाचवीचं गणित पुरतं.